काहूनअप्पा

बाभळीच्या काट्यांतून कापूस वेचणारा मॅनेजर तुम्ही पाहिला नसेल. आम्ही पाहिला.

सेनगावच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी बाभळी आहेत. सुगीत त्या रस्त्याने कापसाच्या गाड्या हिंगोलीला येतात. गाडी इतकी फुगवून भरलेली असते की जाता जाता प्रत्येक बाभळ तिच्यातून आपली चिमूट काढून घेते. पौषात काट्याकाट्यावर पांढरा पुंजका दिसतो. तो चिमण्यांनी घरट्याला न्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. मन्मथअप्पा कुरुंद्याहून आमच्या जिनिंगचे मॅनेजर म्हणून आले, आणि पहिल्याच सकाळी गाड्या कुठून येतात ते बघायला त्या रस्त्याने कोसभर चालत गेले. परत येताना दोन्ही बाजूंच्या बाभळी झाडून आले. फाटकावर पोचले तेव्हा पाठीवर कापसाचं बोचकं, हातांवर रक्ताच्या बारीक रेघा आणि धोतरात काटे.

पहारेकऱ्याने त्यांना पिंजारी समजून हटकलं. "पिंजाऱ्यानं मागल्या दारानं जावं. इथं नवा मनेजर येऊन ऱ्हायलाय. सरका बाजूला."

अप्पा मुकाट मागल्या दाराला गेले. तिथे सरकीची दोन पोती एका बैलगाडीत चढत होती.

"हे काहून?" अप्पांनी विचारलं.

"विठ्ठलशेटच्या म्हशींला," हमाल म्हणाला. "रोजचंच हाय."

"म्हशी भागीदार हायेत काय?"

पिंजारी फारच चढेल दिसतो, असं त्या हमालाला वाटलं. तासाभराने तोच पिंजारी दफ्तरात मॅनेजरच्या खुर्चीशेजारी उभा दिसला, तेव्हा त्याने कुणी न सांगता दोन्ही पोती उतरवून परत कोठारात नेली. खुर्चीशेजारी म्हणालो ते मुद्दाम. अप्पा त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. बसलेल्या माणसाला कारखाना ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तिथे हजेरी कारकून होतो. नुकती मिसरूड फुटलेली, आणि पैनगंगेपलीकडून गवताच्या भाऱ्यांत लपवून येणारी पत्रकं वाचून डोकं पेटलेलं. निजामाच्या राज्यात तसला एक कागद खिशात सापडला तरी तुरुंग होता, म्हणून आम्ही ते पाठ करायचो आणि जाळायचो. कष्टकऱ्याचं रक्त कोण पितं, याची उत्तरं मला पाढ्यांसारखी येत होती.

आणि आमच्या जिनिंगची तर अगदी पत्रकात शोभावी अशी दशा होती. जपान लढाईत उतरला आणि आमच्या आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक राहिलं नाही. रुईच्या गाठी आवारात पडून काळ्या पडायला लागल्या. कोळसा मिळेना. पाच भागीदार, त्यांत थोरले विठ्ठलशेट. पाचांपैकी एकानेही कधी रेच्याला हात लावला नव्हता. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. अशी चोवीस यंत्रं एका ओळीत, प्रत्येकावर कापूस घालायला एक बाई. भागीदारांनी ठरवलं, खर्च छाटणारा माणूस आणायचा. एक सुगी बघायची. होळीपर्यंत कारखाना सावरला तर ठीक, नाही तर बाया कमी करायच्या. तेवढ्याने भागलं नाही, तर यंत्रं भंगारात काढायची.

खर्च छाटणारा माणूस. ते शब्द ऐकूनच माझं रक्त उसळलं. ही छाटणी करणारी माणसं मला ठाऊक आहेत. झाड वाळायला लागलं की माळी शेंड्याकडून कात्री लावतो. ही माणसं मुळाशी कुऱ्हाड घेऊन बसतात. मालकाच्या डोक्यावरचा पंखा हलत राहतो आणि रेच्यावरची बाई घरी जाते. मी अप्पांची वाटच पाहत होतो. म्हणजे, लढायला.

अप्पांनी पहिल्या आठवड्यात कुणालाच घरी पाठवलं नाही. ते नुसते हिंडले. लिंगायत माणूस, गळ्यात रुद्राक्षाच्या दोऱ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात बाराबंदी, काटकुळे, मान थोडी एका बाजूला कललेली. एखाद्या वस्तूसमोर जाऊन उभे राहायचे, बराच वेळ तिच्याकडे बघायचे, आणि मग जवळ जो असेल त्याला विचारायचे, "हे काहून?"

दुसरा शब्द नाही. आणि ज्याला विचारलं त्याने उत्तर देईपर्यंत हलायचं नाही. तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. दुपारी बाया भाकरी खायला बसल्या तरी सगळे चोवीस रेचे रिकामेच घरघरत असायचे. हे काहून? पूर्वीपासून असंच आहे. दफ्तराच्या दोन्ही दारांत दिवसाही कंदील जळायचे. हे काहून? थोरल्या शेटजींना आवडतं. गाठींना सुतळीचे सात वेढे. हे काहून? सहाने भागतं की नाही, हे कुणी बघितलंच नव्हतं. अप्पांनी बघितलं. भागलं.

तीन दिवसांत गावाने त्यांचं बारसं केलं, काहूनअप्पा. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बराबर हाय. मन्मथ म्हणायला येळ लागतो."

दफ्तरात छताला मोठा कापडी पंखा होता. तो ओढायला महादू नावाचा माणूस बाहेर बसलेला असे, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. अप्पांनी पंखा काढायला लावला. मी मनात म्हटलं, झालं, पहिला बळी. पण दुसऱ्या दिवशी हजेरीला महादू हजर! अप्पांनी त्याला गाड्यांच्या आवारात नेमलं होतं. पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस एकीकडे, डागी दुसरीकडे, असं उतरवून घ्यायचं काम. विठ्ठलशेट भर पौषात घाम पुसत आले.

"अप्पा, आमाला उकडून ऱ्हायलं की!"

"बाहेर या," अप्पा म्हणाले. "वारं फुकट हाय."

इंजिनवर करीममियाँ होते. बापापासून इंजिनवर. इंजिनाला ते 'बेगम' म्हणायचे आणि तेलाच्या बुधल्याने तिला न्हाऊ घालायचे. अप्पांनी त्यांच्या हातात कोंबडीचं पीस दिलं आणि तेल यापुढे पिसाने लावायला सांगितलं. अख्ख्या आवारात ऐकू जाईल असे करीममियाँ गरजले, "ये इंजन है अप्पा, फुलका नईं! पर से घी लगाऊँ इसकू?"

 इंजिनाखाली साचलेल्या तेलात बोट बुडवून अप्पांनी करीममियाँसमोर धरलं. "हे तुमच्या बेगमनं प्यायलं न्हाई. जमिनीनं प्यायलं." करीममियाँनी पीस घेतलं. पुढे आठवडाभर ते अप्पांशी बोलत नव्हते, आणि आठवड्याने मलाच सांगत होते की बेगमचा श्वास किती हलका झालाय.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मला लपवता आली असती. पण सत्य दुसऱ्याचंच लिहायचं आणि आपलं झाकायचं, हे मी शिकलो नाही. जितका कापूस असेल तितकेच रेचे चालवायचे, असा हुकूम अप्पांनी काढला. चोवीसपैकी बारा बंद. मला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, 'भगिनींनो, सावध!' त्यात 'धोतरातला लांडगा' असा शब्दप्रयोग होता, आणि तो मला फार आवडला होता. वीस प्रती हाताने लिहून काढल्या आणि बायांच्या डब्यांत सरकवल्या. बायांना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. गयामाय, सगळ्यांत जुनी रेचेवाली, आपली प्रत घेऊन थेट अप्पांकडे गेली. "बापा, भाकरीत ह्यो कागद निघाला. काय लिवलंय बघा."

अप्पांनी मला बोलावलं. पत्रक उलटं-सुलटं करून बघत उभे होते.

"बापूराव, कागद कंपनीचा. शाई कंपनीची. शिव्या तेवढ्या तुमच्या घरच्या. हे काहून?"

मी म्हणालो, "बारा बायांच्या पोटावर पाय येणार असेल तर मी गप्प बसणार नाही."

"अन् एकाच अंगाला लिवलं. मागलं अंग कोरं. वीस कागदाचं काम धा कागदात होत व्हतं."

"विषय बदलू नका अप्पा! बाया काढणार की नाही?"

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले. "चला."

त्यांनी मला रेच्यांच्या शेडमागे नेलं. बंद केलेल्या रेच्यांच्या बारा बाया तिथे गोल करून बसल्या होत्या. पुढे कापसाचा ढीग. त्या त्यातला कचरा, पाचोळा आणि कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला डागी कापूस, वेगळी करत होत्या. रेच्यात जाण्याआधीच कापूस दुधासारखा निवडून निघत होता. आमची रुई आजवर मुंबईला कचऱ्याची रुई म्हणून पडेल भावात जायची. आता तिथला वखारवाला नमुना हातात घेऊन दोनदा विचारायचा की ही हिंगोलीचीच ना. ही त्या बारा बायांच्या बोटांची करामत होती.

"खर्च म्हंजे वाया जातं ते," अप्पा म्हणाले. "माणूस वाया जात न्हाई. त्याला वाया घालवतेत." आणि माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बोरूने लिहिलं, 'या कारखान्यातून एक माणूस कमी होणार नाही.' खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "आता दोनी अंगं भरली."

लांडगा मी मनातल्या मनात खोडला. तेव्हापासून मी त्यांच्या बाजूचा झालो. बाजू घेतली की मी पुरती घेतो.

पण हा माणूस देव नव्हता. त्याने एक चूक केली, आणि ती इतकी मोठी होती की त्या चुकीत आम्ही सगळे बुडालो असतो.

आमचा भोंगा दिवसातून पाच वेळा वाजायचा. पहिला अंधुक उजाडताना. त्यासाठी करीममियाँना तासभर आधी बॉयलर पेटवावा लागे, लाकूड जाळावं लागे. अप्पा भोंग्याखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून.

"हे काहून?"

करीममियाँ छाती काढून म्हणाले, "गाव उठता है इससे!"

"गाव आपल्या पगारावर हाय काय?"

भोंगा बंद झाला. लाकडाची चांगली बचत झाली. पहिले दोन दिवस गावाने नुसती चेष्टा केली. बायांच्या भाकरी घाईत करपल्या, शाळेत मुलांपेक्षा मास्तरच उशिरा पोचू लागले. गयामाय म्हणाली, "अप्पा, माझा कोंबडा बी तुमच्या भोंग्यावर आरवायचा. आता गप बसून ऱ्हायलाय लेकाचा." अप्पा हसले. ते हसायचे म्हणजे मान एरवी ज्या बाजूला कललेली असे तिच्या उलट बाजूला कलायची.

तिसऱ्या दिवशी गाड्या कमी आल्या. चौथ्या दिवशी आणखी कमी. पाचव्या दिवशी ऐन सुगीत आमच्या आवारात चार गाड्या उभ्या होत्या, आणि स्टेशनपलीकडच्या दुसऱ्या जिनिंगसमोर बैलांची रांग रस्त्यावर आली होती. भाव आमचा त्यांच्याहून वाईट नव्हता. मग गाड्या तिकडे का? आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो. शेवटी अप्पांनी त्या चारांतल्या एका म्हाताऱ्या गाडीवानालाच विचारलं.

म्हातारा गोरेगावकडचा होता. बैलांपुढे कडबा टाकत सावकाश म्हणाला, "मालक, आमी पहाटं कयाधूच्या वाळूत गाड्या सोडतो. बैलं पाणी पितेत, आमी चिलीम पितो. तुमचा भोंगा झाला की गाड्या जुपतो. आज किती दिस झाले, तुमचा भोंगा न्हाई. पल्याडला वाजतो. आमी समजलो, तुमची कंपनी गेली. भोंगा गेला म्हंजे जीव गेला. मेलेल्याच्या घरी माल कोण टाकंल?"

"मग तुमी कसे आलात?"

"मी बहिरा हाय," म्हातारा म्हणाला. "कानाशी बोललेलं तेवढं कळतं, दोनी भोंगे ऐकू येत न्हाईत. बैलं सवयीनं आली."

कुणी हसलं नाही. दोन दिवसांनी आखाडा बाळापूरच्या बाजारातून आलेल्या माणसाने सांगितलं, तिकडे बोलतात की हिंगोलीची जुनी जिनिंग बुडाली, आता भोंगासुद्धा विकला. विठ्ठलशेट दफ्तरात येऊन दार लावून बसले. बाहेर आले तेव्हा चार वाक्यं बोलले. त्यातलं एक मला अजून आठवतं. "होळीपर्यंत कशाला थांबायचं अप्पा, निम्म्या बाया उद्याच कमी करा." अप्पा एवढंच म्हणाले, "बोली होळीची हाय."

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी अप्पा सगळ्यांसमोर येऊन उभे राहिले. समोर बाया, हमाल, इंजिनवाले. पागोटं काढून त्यांनी हातात घेतलं. आमच्या भागात माणूस असं पागोटं काढतो ते मयतीला, नाही तर पाया पडताना.

"भोंगा बंद करायला नको व्हता," ते म्हणाले. "चूक माझी. गाड्या गेल्या त्या माझ्यामुळं गेल्या. तुमच्या भाकरीची तकलीफ माझ्यामुळं झाली. मी आणतो गाड्या."

मी मोठ्या पुढाऱ्यांची पत्रकं वाचली आहेत. त्यांत शत्रूच्या चुका पानोपानी असतात. पण स्वतःची चूक कामगारांसमोर, पागोटं काढून, चार वाक्यांत कबूल करणारा मॅनेजर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. आमच्या हिंगोलीत पाहिला. हे मी जिथे जाईन तिथे सांगतो.

करीममियाँनी त्याच क्षणी भोंग्याची साखळी ओढली आणि इतका वेळ लोंबकळत राहिले की बॉयलरची वाफ उतरली आणि रेचे थांबले. "बस करो मियाँ!" मी ओरडलो. "अर्धे जिल्हेकू सुनाना है," ते म्हणाले.

पण भोंगा वाजला तरी फिरलेली गाडी एका दिवसात परत फिरत नाही. म्हणून अप्पा रोज उजाडायला कयाधूच्या वाळूत जाऊन उभे राहायचे. दिवसभरात दहा शब्द बोलणारा हा माणूस तिथे गाडीगाडीपाशी जाऊन बोलायचा. बोलणं त्यांना येत नव्हतं. हात जोडायचे आणि म्हणायचे, "आमी जिते हाओत. येऊन बघा." गाडीवान विचारायचे, भाव काय, वजन कसं? अप्पा म्हणायचे, "येऊन बघा." चौथ्या दिवशी त्यांचा घसा बसला, तरी जायचे. नुसते हात जोडून उभे.

मग आम्ही सगळेच उतरलो. मी नवं पत्रक लिहिलं, 'भोंगा वाजतो आहे', आणि या वेळी कागद अप्पांनी स्वतः काढून दिला. गयामाय आणि तिच्या बाया बाजाराच्या दिवशी आपापल्या गावी गेल्या आणि पाणवठ्यावर सांगत सुटल्या. "कोन म्हंतं बुडाली? माझे हात बघा, हे रुईचे की राखेचे?" बाईचा हात दाखवला की पत्रक लागत नाही, हे मी तेव्हा शिकलो. महादू तर वाळूत जाऊन पंखा ओढायच्या थाटात गाड्या आपल्याकडे ओढायचा अभिनय करायचा. गाडीवान हसायचे आणि बैल आमच्या वाटेला वळवायचे.

पंधरवड्यात आमच्या फाटकापासून गाड्यांची रांग नाक्यावर गेली. माघात आम्ही बंद केलेले बाराही रेचे सुरू केले, आणि निवडायला बाया कमी पडल्या तेव्हा हमालांच्या बायका येऊन बसल्या. शिमग्याच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ प्रेसमधून निघाली. काळी पडलेली एकही गाठ आवारात उरली नव्हती. आमची जिनिंग उभी राहिली. कुणा साहेबाने उभी केली नाही, मुंबईच्या कुणी शहाण्याने नाही. आमच्या इथल्या हातांनी, आमच्या इथल्या एका काटकुळ्या माणसाच्या एका प्रश्नाने.

होळी झाल्यावर भागीदारांची बैठक बसली. मी लिहायला होतो. अप्पा नेहमीप्रमाणे उभे. विठ्ठलशेटनी त्यांच्या खांद्यावर जरीकाठी उपरणं घातलं, तोंडभरून कौतुक केलं, आणि मग हातातली सुपारी कातरत सहज म्हणाले, "अप्पा, आता गाडं रुळावर आलंच हाय, तर पुढच्या सालाला त्या निवडणाऱ्या बाया तेवढ्या कमी करून टाका. मग बघा कसं चालतंय."

माझा बोरू कागदावरच थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनी उपरणं काढून घडी घातली आणि बैठकीवर ठेवलं.

"शेटजी, मी वसमतकडं एका जिनिंगीत व्हतो. तुमच्या आधी. तिथं बी असंच बुडत व्हतं. मालक म्हणाले, माणसं काढा. मी बावीस काढली."

 इतकं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती.

"लोकांनी म्हणू नये, मनेजरनं आपला माणूस ठिवला. म्हणून पयला सख्खा भाऊ काढला. बसवंत. रेच्यांचा मिस्त्री व्हता. त्याच्या कानाला कळायचं कोणता रूळ तापलाय ते. तो गेला, दुसऱ्याच महिन्यात रूळ जळाले. माणसं गेली, तसा कारखाना बी गेला. दोन सालांत."

"अन् भाऊ?" एका भागीदाराने विचारलं.

"फाटकातून गेला तो गेला. घरी आला न्हाई. माय त्याची वाट बघत वारली. मी अकोल्याला गेलो, खामगावला गेलो, जिथं जिथं जिनिंग हाय तिथं फाटकावर इचारून आलो. तेरा सालं झाली."

 ज्या माणसाला आम्ही सुगीभर चिक्कू म्हणून हसलो, तो सुट्टीच्या दिवशी कुठे जातो, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना काहून विचारणाऱ्या माणसाला, तू असा काहून, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. मी तर पत्रकं लिहिणारा.

विठ्ठलशेट खाली बघत म्हणाले, "बाया ऱ्हाऊ द्या. बापू, तसं लिहा." मग अडकित्ता खाली ठेवून, "अप्पा, उपरणं घ्या. अन् आणखी काय पाहिजे ते मागा."

"एक माणूस वाढवा," अप्पा म्हणाले.

सुगीभर प्रत्येक गोष्ट कमी करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकून विठ्ठलशेटनी दचकून वर पाहिलं. "कोन?"

"बसवंत शिवअप्पा. रेच्यांवर मिस्त्री. पगार नका लावू. नाव तेवढं हजेरीत असू द्या. आलाच कधी हिंडत हिंडत, तर फाटकावर त्याला कोणी जागा न्हाई म्हणू नये."

ते नाव मी लिहिलं.

पुढच्या सुगीच्या पहिल्या सकाळी हजेरी घेताना ते नाव आलं तेव्हा मी तेही पुकारलं. "बसवंत शिवअप्पा!"  अप्पा इंजिनाकडे तोंड करून उभे होते. मी पुढचं नाव घेणार, तोच बायांच्या रांगेतून गयामायने ठणठणीत आवाजात हाळी दिली, "येऊन ऱ्हायलाय!"

अप्पांनी वळून पाहिलं नाही. फक्त त्यांची मान हळूच दुसऱ्या बाजूला कलली.

आता राज्य बदललं आहे. पत्रकं उघड्यावर विकत मिळतात. आमची जिनिंग चालू आहे. रोज सकाळी मी ते नाव पुकारतो, आणि रोज कुणी ना कुणी, कधी महादू, कधी करीममियाँ, कधी काल कामावर लागलेली एखादी नवी पोरगी, मला थांबू न देता ओरडून सांगते, येऊन ऱ्हायलाय.